बोंडूची गादी

आमच्या घरात कापूस सगळीकडे असतो. चहाच्या कपात, चष्म्याच्या काचेवर, माझ्या अंबाड्यात, यांच्या भुवयांत. खाली दुकान, वर घर, मधे लाकडी जिना. खाली पिंजायचं मशीन सुरू झालं की वरची फरशी पायाखाली घूं घूं करते. दुपारी मागच्या खिडकीतून ऊन आत आलं की हवेतले तंतू दिसायला लागतात. हळूहळू वर जातात, मधेच थबकतात, कुणी हाक मारल्यासारखे वळतात. लग्न होऊन आले तेव्हा मी ते बघत बसायचे आणि दूध उतू जायचं. आता चाळीस वर्षं झाडू मारतेय, तरी एखाद्या दुपारी झाडू हातातच राहतो.

आमचे हे गादीवाले. गल्लीत लहानथोर सगळे गादीवाले काका म्हणतात, मी अहो म्हणते आणि डोकं फिरलं की अहो महाराज म्हणते. माणूस देवभोळ्यासारखा साधा, पण एक खोड भारी वाईट. दिसेल ती वस्तू अंगठ्यानं दाबून बघायची. बसमधली सीट, पाव, पाहुण्यांचा सोफा. सोफा दाबला की मान हलवून "फोम" म्हणणार, तेही मोठ्यानं, यजमानाला काही आजार झाल्यासारखं. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण त्या अंगठ्याला सगळं कळतं, हेही तितकंच खरं. पाठीच्या दुखण्यानं वाकलेली माणसं यांच्याकडे यायची आणि महिन्याभरानं ताठ चालत सांगायला यायची.

नात झाली तेव्हा यांनी तीन दिवस दुकान बंद ठेवलं. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सावरीचा कापूस आणला, जो आम्ही फक्त उशांत भरतो, तोही मोठ्या गिऱ्हाइकांच्या. मशीनला लावलाच नाही. मांडी घालून बसले आणि हातानं एकेक कचरा, एकेक बी वेचून काढली. मग जुन्या धुतलेल्या मलमलीची खोळ, आणि टाके असे बारीक की शोधावे लागतील. गादी झाली तेव्हा मी त्यावर हात ठेवला तर मनगटापर्यंत आत गेला.

"असं काम माझ्या हातून परत होणार नाही," हे म्हणाले.

मीही म्हटलं, काय नशीब काढलंय पोरीनं! उगाच आता सगळं यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. मीच तिला पहिल्यांदा त्या गादीवर ठेवलं होतं.

पोर पांढरी, गोल, गुबगुबीत. कापसाच्या बोंडासारखी दिसते म्हणून यांनी तिला बोंडू म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव कागदावरच राहिलं. तिचा बाप, म्हणजे आमचा मुलगा, जहाजावर इंजिनं सांभाळतो, सहासहा महिने पाण्यावर असतो. सूनबाई चष्म्यांच्या दुकानात काचा घासून बसवते. चौथा महिना लागला तशी ती कामावर जाऊ लागली आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बोंडू आम्हा दोघांच्या ताब्यात आली. कापूस आत येऊ नये म्हणून मी तिच्या खोलीच्या दाराला ओली चादर टांगायचे. तरी चार-दोन तंतू यायचेच. ती गादीच्या मधोमध रुतून पडलेली असायची, नुसतं नाक आणि पोट वर, आणि डोळे त्या तंतूंच्या मागे मागे. रडणं नाही, कटकट नाही. खोलीत अशी शांतता असायची की मी दारात उभी राहिले की मलाच झोप यायची.

"किती शहाणं बाळ!" येणारे-जाणारे म्हणायचे, आणि आम्ही दोघं फुशारून जायचो.

मग शेजारणीचा नातू पालथा पडला. आमच्या बोंडूपेक्षा तीन आठवड्यांनी लहान. शेजारीण मुद्दाम सांगायला आली, पेढे वाटायला आल्यासारखं तोंड करून. "तुमची पडली का हो पालथी?" मी म्हटलं, "आमचीला घाई नाही." पण मनात खुट्ट झालं. रविवारी मुलाचा फोन आला, त्यानंही तेच विचारलं. सूनबाईनं फोनवर हसून काहीतरी सांगितलं आणि नंतर बराच वेळ बोंडूचे पाय हातात घेऊन बसली.

सहा महिने भरले तसं आम्ही तिला लसीसाठी दवाखान्यात नेलं. तिथली सिस्टर तरुण होती, पण हाताला घाई नव्हती. तिनं बोंडूला पालथं ठेवलं. बोंडूनं गाल टेकला आणि तशीच राहिली. मान उचलेना, हातावर जोर देईना. सिस्टरनं तिच्या डोक्यामागून हात फिरवला.

"डोकं मागं थोडं चपटं झालंय. दिवसभर कुठं असते ही?"

"गादीवर," हे अभिमानानं म्हणाले. "स्वतः केलीय. सावरीची."

"किती मऊ?"

यांनी बोटांनी दाखवलं. सिस्टरचा चेहराच बदलला.

"आजोबा, इतक्या मऊ गादीवर बाळाला झोपवायचंही नसतं. नाक-तोंड दाबलं जाऊ शकतं. झोपायला सपाट आणि घट्ट हवं. आणि जागी असेल तेव्हा जमिनीवर. बाळ हातानं जमिनीला ढकलतं तेव्हा मान वर येते. खाली ढकलायलाच काही नसेल तर ती बिचारी काय करणार?" मग तिनं आम्हाला नीट समजावलं. दिवसातून चार-पाच वेळा पालथं ठेवायचं, आधी दोन-तीन मिनिटं, मग वाढवत न्यायचं. समोर कुणीतरी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं, बोलायचं. रडली की उचलायचं आणि थोड्या वेळानं परत. "दीड महिन्यानं आणा. काहीच फरक नसेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. तिथं रोज न्यावं लागतं."

घरी आल्यावर सूनबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली ती उठेचना. मी खाली गेले तर डोळे पुसत होती.

"आई, मी कामाला जाते म्हणून झालं का हो हे?"

मला इतका राग आला, तिचा नाही, आमचाच. "तुझ्यामुळे कशानं होईल? आम्ही दोघं घरात काय मातीचे पुतळे आहोत? आम्ही होतो ना तिच्याजवळ! चल, उठ. रोज मोठ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर नाव सांगणार नाही मी."

बोलायला बोलले, पण मनात हिशेब चालूच होता. रोज न्यायचं म्हणजे हिची नोकरी गेली. आणि तेही एक वेळ राहू दे, पोरीला खरंच काही झालेलं असलं तर?

दुसऱ्या दिवसापासून सतरंजी अंथरून काम सुरू केलं. झोपायला तिला फळीवर घट्ट घोंगडी घालून जागा केली आणि सावरीची गादी कपाटावर गेली. हे तोंड पाडून बघत होते, पण विरोध केला नाही. सतरंजीही स्वतः आणून दिली. मी रोज चार वेळा बोंडूला पालथं टाकायचे, टाळ्या वाजवायचे, वाट्या वाजवायचे, कुत्रा होऊन भुंकायचे. शेजारीण खिडकीतून बघायची. बोंडू गाल टेकून पडायची आणि माझ्याकडे दयेनं बघायची.

तीन आठवडे गेले. इकडची काडी तिकडे नाही.

मग एका सकाळी सतरंजीवर दूध सांडलं म्हणून मी ती धुवायला उचलली. अगबाई, किती जड! म्हटलं दूध एवढं प्यायली की काय. कड बघितली तर टाके. बारीक, शोधावे लागतील असे. उसवलं आणि आतून पांढरा सावरीचा कापूस भसकन बाहेर आला. सतरंजी एक नव्हती, दोन होत्या, आणि मधे माझ्या नवऱ्याची करामत. मी तिच्यावर कधी गुडघा टेकला नव्हता, माझे गुडघे दुखतात म्हणून मी आपली स्टुलावर बसून भुंकत होते. नाहीतर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

मी सतरंजी तशीच फरफटत खाली नेली. मागे पायऱ्यांवर कापूस सांडत गेला.

"अहो महाराज! हे काय आहे?"

मशीन चालू होतं. यांनी ते बंद केलं. गिऱ्हाईक होतं एक, ते न सांगताच निघून गेलं.

"तीन आठवडे! दीड महिन्यातले तीन आठवडे तुम्ही खाल्लेत! ती पोर रोज चार वेळा जीव तोडून ढकलतेय, आणि खाली काय? कापूस! तुम्हाला लाज कशी वाटली नाही हो? सूनबाईच्या तोंडाकडे बघवत नाही मला."

यांच्या हातात दाभण होतं, ते शर्टाच्या कडेला टोचून ठेवलं, काढलं, परत टोचलं. मग म्हणाले, "फरशी गार असते गं."

"मग? असते तर असते!"

"तुला नाही माहीत," म्हणाले. आणि मग सांगितलं. चाळीस वर्षांत मला सांगितलं नव्हतं ते. आई गेली तेव्हा हे नऊ वर्षांचे. मामाच्या दुकानात आले. गाद्यांचंच दुकान, छतापर्यंत थप्प्या. पण गिऱ्हाइकाच्या मालावर झोपायचं नाही हा मामाचा नियम. म्हणून त्या थप्प्यांच्या पायथ्याशी, फरशीवर, एक गोणपाट. सात वर्षं. "वर बघायचो तर गाद्याच गाद्या. आणि खालून गार यायचं, पाठीतून पोटापर्यंत. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरातलं पोर खाली झोपणार नाही. माझ्याच्यानं तिला खाली ठेववतच नाही गं."

माझा राग कुठं गेला कळलं नाही. असा मेला माणूस, भांडूही देत नाही धड. मी त्याच सतरंजीवर बसले आणि सांडलेला कापूस मुठीनं गोळा करायला लागले.

"सगळं खरं," मी शेवटी म्हटलं. "पण ती तुम्ही नाही. तिच्यासमोर वाट्या वाजवणारी म्हातारी बसलीय. तिला हात टेकायला काहीतरी द्या."

दुपारी हे वर आले. दोन्ही सतरंज्या धुऊन वाळत होत्या, त्यातली एक आणून, नुसती, अंथरली. अंगठ्यानं दाबून बघितली. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, स्वतःच आडवे झाले. पालथे. गाल फरशीला लावून. मी बघतच राहिले. एवढा थोरला माणूस, भुवयांत कापूस, आणि डोळे मिटलेले. बराच वेळ हलले नाहीत. मग म्हणाले, "आण तिला."

मी बोंडूला त्यांच्यासमोर पालथं ठेवलं. नाकासमोर नाक. ती गाल टेकून यांच्याकडे बघत होती, हे गाल टेकून तिच्याकडे. खिडकीतून ऊन आलं होतं आणि जिन्यावरून दोन-चार तंतू आत येऊन फिरत होते. खाली मशीन बंद, गल्लीत कुणी नाही. घड्याळाचं टकटक तेवढं. मग एक तंतू दोघांच्या मधे उतरला आणि परत वर निघाला, आणि बोंडूचे डोळे त्याच्याबरोबर वर गेले. डोळे जाऊन जाऊन किती जाणार? भुवया ताणल्या, आणि मग मान, लटलटत, दोन बोटं वर आली. धप्पकन खाली. परत वर.

"बघितलंस?" हे कुजबुजले. इतक्या हळू की मलाच ऐकू आलं असेल.

दुसऱ्या दिवशी यांनी सावरीचा बोटभर पुंजका लाल दोऱ्याला घट्ट बांधून आणला. मी लगेच ओरडले, "तोंडात गेला तर?" तर म्हणे दोरा माझ्या हातात राहणार आणि खेळ झाला की खिशात. आणि शब्दाला जागले हं. पुंजका हातभर लांब धरायचे, फुंकर मारायचे, आणि तो तरंगला की बोंडू त्याच्या मागे मान न्यायची. नंतर यांनी तिच्या छातीखाली घालायला एक छोटा लोड केला. जुना, बसलेला कापूस काठीनं बडवून बडवून भरला, दोन दाभणं मोडली. जन्मभर मऊ करणाऱ्या माणसानं एवढी कडक वस्तू केली की मी म्हटलं, चोर आला तर फेकून मारायला होईल. लोडावर हात पुढे टाकून ती मिनिटभर, मग तीन मिनिटं, मग पाच मिनिटं टिकू लागली. रडायची, उचलायचो. हे तिला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभे राहायचे आणि कापूस, सरकी, मशीन, सगळं तिला समजावून सांगायचे. ती "अग्गू" म्हणायची. ते म्हणायचे, "बरोबर." संध्याकाळी सूनबाई यायची, चप्पल काढायच्या आधी सतरंजीवर आडवी व्हायची, आणि मग मीसुद्धा. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, पण झाले आडवी. घरात चार माणसं आणि सगळी जमिनीवर. छत इतकं उंच असतं हे मला तेव्हा कळलं.

मान आली. हातही आले. पण वळणं येईना. कुशीपर्यंत जायची आणि तिथंच अडकायची, खालचा हात अंगाखाली, आणि मग उताणी. दीड महिना संपला.

दवाखान्यात सूनबाई अर्धी रजा टाकून आली होती. सिस्टरनं बोंडूला तपासायच्या टेबलावर उताणं ठेवलं, खुळखुळा एका बाजूला धरला. बोंडूनं खुळखुळ्याकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं आणि पाय वर करून पडून राहिली. परत प्रयत्न, परत तेच. पालथं केल्यावर मान चांगली धरली, सिस्टर "छान" म्हणाली, पण तिची नजर कागदाकडे गेली. "वळत नाही अजून," म्हणत तिनं चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं. सूनबाईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आणि तेवढ्यात यांचा अंगठा टेबलावर गेला. मी मनात म्हटलं, नको, आज तरी नको!

"सिस्टर," हे म्हणाले. "फोम आहे. तीन इंच, आणि मधे बसलाय. हिला जोर कुठून येणार? खाली ठेवू का?"

सिस्टरचं पेन थांबलं. "जमिनीवर?"

"जमिनीवर."

सात वर्षं ज्या फरशीनं छळलं तिचं नाव या माणसानं स्वतःहून घेतलं. पिशवीतून सतरंजी काढली, ती बरोबर आणलीय हे मलाही माहीत नव्हतं. दवाखान्याच्या फरशीवर अंथरली, बोंडूला उताणं ठेवलं आणि तिच्या शेजारी स्वतः आडवे झाले. दारातून रांगेतली माणसं डोकावू लागली. हसू देत हसायचं त्यांना. यांनी खिशातून लाल दोरा काढला, पुंजका तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि फुंकर मारून हळूहळू बाजूला नेला.

बोंडूची नजर गेली. मग मान. मग खांदा. वरचा पाय दुसऱ्यावरून ओलांडून पलीकडे टेकला आणि ती कुशीवर येऊन अडकली, रोजच्यासारखी. सूनबाई पुढे वाकली, सिस्टरनं तिला हातानं थांबवलं. बोंडू लाल झाली, ओरडली, पायानं फरशीला रेटा दिला.

"ये गं," हे म्हणत होते. "ये, ये, ये माझी बाई."

आणि ती आली. धप्पकन पालथी, आणि अंगाखालचा हात ओढून काढला, टेकला, आणि मान वर करून आम्हा सगळ्यांकडे असं रागानं बघितलं की एवढा वेळ काय बघत होतात! मी मोठ्यानं हसले की रडले ते आठवत नाही. रांगेतल्या एका बाईनं टाळ्या वाजवल्या. सिस्टरनं चिठ्ठी फाडली. "थोडी मागं आहे अजून, पण निघाली," म्हणाली. "दोन महिन्यांनी आणा, बसते का बघू. आणि आजोबा, उठा आता."

आजोबांना उठवेना. कंबर धरली होती. आम्ही दोघींनी धरून उभं केलं.

घरी आल्यावर यांनी कपाटावरची गादी काढली आणि उसवली. मला वाटलं होतं वाईट वाटेल यांना, पण शीळ घालत होते. त्या सावरीची सूनबाईला उशी करून दिली. सात-आठ महिन्यांत ती धड झोपली नव्हती, त्या दिवशी संध्याकाळीच डोकं टेकलं आणि गाढ झोपून गेली.

दुसऱ्या दुपारी मी भांडी घासून आले तर हे सतरंजीवर झोपलेले. खरंच झोपलेले, घोरत. लाल दोरा शर्टाच्या खिशात. बोंडू शेजारी जागी, मी दारातच होते म्हणून तिला राहू दिलं. तिनं यांच्याकडे बघितलं, कुशीवर आली, रेटा दिला आणि पालथी होऊन त्यांच्यापर्यंत पोचली. मग एक हात उचलून त्यांच्या भुवईतला कापूस धरला आणि ओढला. मी धावत जाऊन मूठ सोडवली. यांनी डोळे उघडले, पण उठले नाहीत.

"फरशीवर झोपलात?" मी विचारलं. "गार नाही लागली?"

त्यांनी तिचा हात परत आपल्या गालावर ठेवला.

"तेव्हा शेजारी कुणी नव्हतं गं," म्हणाले.